मामाची मांडी

नवरात्र सरता सरता शिंगाड्याच्या वेलीला तांबडी कीड लागली. आधी तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्यात थोडी पानं जाळीदार झाली. मग वारा फिरला तशी कीड मधल्या पाण्यापर्यंत आली. औषध मारलं असतं तर खालचे मासे मेले असते. त्यामुळे एकच इलाज उरला. घरच्यांनी पाण्यात उतरायचं, एकेक वेल उचलून उलटी करायची, पानामागच्या अळ्या बोटानं चिरडायच्या आणि सडलेली वेल उपटून काठावर फेकायची.

हा तलाव परसापाऱ्याचा. गुढियारीच्या पुढं रेल्वेची लाईन ओलांडली की रायपूर शहर जरा सैल पडतं आणि हा पारा, म्हणजे मोहल्ला, लागतो. शालिग्रामचा आजा भंडाऱ्याकडून इथं आला. जातीचा ढिवर, पाण्याशिवाय दुसरं काही ठाऊक नसलेला. त्यानं या तलावात पहिल्यांदा शिंगाडा लावला. आता ठेका शालिग्राम आणि त्याचा चुलतकाका गुलाबराव या दोघांच्या नावावर होता. पण गुलाबराव काठावर उभा राहून बोट दाखवी आणि पाण्यात शालिग्राम आणि त्याची बायको पूर्णिमा उतरत.

पूर्णिमा छातीभर पाण्यात उभी होती. लुगडं वर खोचलेलं, अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा. पुढ्यात ट्रकची फुगवलेली ट्यूब तरंगत होती आणि ट्यूबमध्ये टोपली. शिंगाड्याच्या काट्यांनी बोटांची पेरं सुजली होती. सालीच्या डागानं नखं काळी पडली होती. गेल्या हंगामात ती पाण्यात नव्हती, पोटुशी होती. लग्नानंतर चौदा वर्षांनी.

काठावर करंजाच्या झाडाखाली सासू भीमाबाई नातीला घेऊन बसली होती. देवश्रीला अकरावा महिना लागायचा होता. मघापासून ती किरकिर करत होती, आता मोठ्यानं रडू लागली. ते रडणं पाण्यावरून आलं तशी पूर्णिमाची छाती दाटून आली. गार पाण्यात सदऱ्याच्या आत दूध सुटलं, आणि तेवढ्याच जागी तिला ऊन ऊन लागलं.

"बाई, भुकेजली ते! थांबा, येतो मी," तिनं तिथूनच हाक दिली.

"तू कर आपलं काम. मी बाटली देऊन राहिली."

"बाटली कायले? मी आली न."

ती वेली बाजूला सारत निघाली. चिखलात पाय रुतत होते. काठावर चढली तेव्हा पोटरीला दोन जळवा लोंबत होत्या. त्या तिनं ओढून फेकल्या, हात पुसले आणि पोरीसाठी पुढं केले.

भीमाबाईनं पोरीला आणखी कुशीत ओढलं. "पाह्य, कशी ओलीकच्च हायेस. सर्दी करशीन तिले. माह्या पोराची एकुलती एक पोट्टी हाये ते."

माह्या पोराची. हे दोन शब्द पूर्णिमा दहा महिने ऐकत होती. पाळणा हलवताना, काजळ घालताना, शेजारीण पाहायला आली की तिच्यासमोर. भीमाबाई कधी नुसती 'पोट्टी' म्हणायची नाही.

पूर्णिमानं झाडावर टाकलेलं कोरडं लुगडं ओढलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि पोरीला सासूच्या हातातून सरळ उचलून घेतलं. बाटली गवतात पडली. देवश्रीनं दोनदा नाक घासलं आणि प्यायला लागली. हुंदके मधेच अडकत होते.

तेवढ्यात गुलाबरावची मोटारसायकल काठावर येऊन थांबली. गुलाबराव साठी ओलांडलेला, पाऱ्यातल्या समाजाच्या बैठकीत त्याचा शब्द चाले. पूर्णिमानं पदर सारखा केला, तोंड फिरवलं नाही.

"जावळाचं काय ठरलं, भीमावयनी?" त्यानं विचारलं. "दिवाळीच्या आधी उरकून टाका."

उत्तर पूर्णिमानं दिलं. "गुरवारी ठरवलं जी, काकाजी. रविवारी मी पांडूदादाले सांगाले जातो गुढियारीले. मामा पायजे न मांडीवर घ्याले."

गुलाबरावनं भीमाबाईकडे पाहिलं. भीमाबाई गवतातली बाटली शोधू लागली.

"मामा कायले?" तो म्हणाला. "मी बसतो न. आजाच्या मांडीवर होऊन जाईन."

"मामा जित्ता असतांनी आजाच्या मांडीवर काहून?"

"मामा म्हंजे आईचा भाऊ." गुलाबराव हळू आवाजात, समजावल्यासारखं बोलला. "आता तोंड उघडाले नको लावू, सूनबाई. बेणं परक्या बाईचं, तलाव तुहा. तलावाचा भाऊ मामा होते का कुठं?"

शालिग्राम पाण्यात लांब होता, त्याला ऐकू गेलं नाही. पूर्णिमा उठली. पोर छातीशी तशीच.

"मी तलाव नोहो, काकाजी. बाई हाओ."

"रागावतं कायले? खरं ते खरं."

"खरं कोनं सांगतलं तुमाले?"

भीमाबाईला बाटली सापडली होती. ती पदरानं बूच पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

*

हे तिघांनाच ठाऊक होतं. रस्त्यात त्यांची वाडी गेली तेव्हा मोबदला मिळाला आणि शालिग्राम पूर्णिमाला घेऊन शहरातल्या एका दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईनं तपासण्या करून सांगितलं की पूर्णिमाची बीजं वेळेआधीच संपली आहेत. गर्भपिशवी चांगली आहे. दुसऱ्या बाईचं बीज घेता येईल, पुरुषबीज नवऱ्याचंच असेल, वाढवायचं आणि जन्माला घालायचं पूर्णिमानं. ती बाई कोण हे कधी कळणार नाही, तिलाही यांचं नाव कळणार नाही.

घरी येऊन शालिग्रामनं आईला हे सांगितलं. भीमाबाईच बोलली, "करा. माह्या पोराचं तं राहीन न." त्याआधी कितीतरी वर्षं पाऱ्यातल्या बाया शालिग्रामचं दुसरं लग्न लावायला सांगत होत्या, आणि भीमाबाई त्यांना दारातून हाकलत होती. हे पूर्णिमा विसरली नव्हती. म्हणूनच तर इतके दिवस ती गप्प होती.

पोटात पोर फिरू लागलं तेव्हा तिला आनंदाबरोबर भीती वाटे. बाळंत झाल्यावर नर्सनं तोंडाशी आणलं तेव्हा तिनं आधी कान पाहिले, मग बोटं, मग भुवया. कोणाचं काय आहे ते शोधत. नाक शालिग्रामचं होतं. बाकीचं कोणाचं होतं ते ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस ती पोरीला कोणी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखं जपून धरी. पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला गेली तर दुकानातल्या बायांचे चेहरे पाही. ही असेल का? हिच्या हनुवटीला पोरीसारखाच खड्डा आहे.

मग एकदा अंगणवाडीत सुई टोचायला नेलं. नर्सनं पोरीला हातात घेतलं, सुई टोचली, पोर किंचाळली. भोवती पाऱ्यातल्या निम्म्या बाया उभ्या होत्या. त्या एवढ्याशा जीवानं मान वळवून वळवून सगळ्यांची तोंडं पाहिली आणि पूर्णिमा दिसली तशी दोन्ही हात तिच्याकडे पसरले. त्यानंतर पूर्णिमानं पंडरीत कोणाच्या हनुवट्या पाहिल्या नाहीत.

त्या संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, अंगणातल्या चुलीवर शिंगाडे उकडत होते. मोठ्या गंजातून वाफ येत होती. शालिग्राम पायरीवर बसून तळपायाला मोहरीचं तेल चोळत होता. दिवसभराच्या पाण्यानं कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"तुमच्या मायनं काकाजीले सांगून टाकलं," पूर्णिमा म्हणाली. लाकूड आत सारताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याचा हात थांबला. "का म्हनला काका?"

तिनं सांगितलं. तलावाचा भाऊ मामा होतो का, तेही सांगितलं.

शालिग्राम अंगठ्याची भेग दाबू लागला. "बसू दे न काकाले. एक दिवसाचं काम. तू कायले वाढवून राहिली? पोट्टी तं माही हाये, हे तं कोनी नाही म्हनून नाही राहिलं."

"अन् माही?"

"तुही बी हाये."

"बी नोका लावू."

"का?"

"तुमी म्हना, पूर्णिमा, पोट्टी तुही हाये. तेच्यामांगं बी नोका लावू."

शालिग्राम वाईट माणूस नव्हता. आजवर कोणी भांडायला लागलं की तो पाण्यात उतरायचा, आणि पाण्यात त्याला कोणी हाक मारत नसे. आताही तो उठला आणि उकडलेल्या शिंगाड्यांचं पाणी गाळायला लागला. गरम गंज त्यानं नुसत्या हातांनी धरला आणि चटका बसला तरी सोडला नाही.

*

रविवारी पूर्णिमा पोरीला घेऊन ई-रिक्षात बसली. पिशवीत नारळ, कुंकू लावलेल्या अक्षता आणि सेरभर शिंगाडे.

तिचा मोठा भाऊ पांडुरंग रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होता. गुढियारीत दोन खोल्यांचं घर, दारासमोरून दिवसभर हमालांचे हातठेले जात. वहिनी अपर्णा पंडरीच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावून देई. पूर्णिमा आत आली तेव्हा मशीन चालू होती.

"या या, ताई! अगो माय, किती मोठी झाली!" अपर्णानं मशीन थांबवली आणि पोरीला घेतलं. "पाहा हो, आपल्या आत्याबाईसारखंच नाक."

आत्याबाई म्हणजे पूर्णिमाची आणि पांडुरंगाची आई. ती वारून बरीच वर्षं झाली होती. बारशाला पांडुरंग आला तेव्हा त्यानंच पहिल्यांदा हे म्हटलं होतं आणि सगळ्यांसमोर डोळे पुसले होते.

पूर्णिमा पाणी प्यायली. नारळ पिशवीतून काढला नाही.

"दादा, बस. वयनी, तुमी बी बसा. एक सांगाचं हाये."

तिनं सगळं सांगितलं. बोलताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. सांगून झालं तेव्हा अपर्णाच्या मांडीवर देवश्री फॉलच्या रिळाशी खेळत होती. अपर्णाचे हात तिच्याभोवती तसेच होते, पण आता ते जरासे लांब धरलेले होते.

"सांगतलं कायले, ताई?" अपर्णा हळूच म्हणाली. "नसतं सांगतलं तं आमी आलो असतो गुपचूप. होऊन गेलं असतं."

"दुसऱ्याच्या तोंडून आईकलं असतं तुमी. काकाजीच्या तोंडून. ते बरं झालं असतं का?"

पांडुरंग खिडकीशी उभा होता. "मी बारशाले म्हनलं, नाक मायवर गेलं. सगळ्यायसमोर म्हनलं." त्यानं रागानं खिडकीचा गज धरला. "तू पाळन्याजवळ उभी होती. आईकत होती. तुले ठाऊक होतं का ते नाक माह्या मायचं नाही. मले तरी कानात सांगाचं."

पूर्णिमा म्हणाली, "मले बी वाटलं होतं, दादा, तसंच असावं. तू म्हनला तवा मी बी पाहेलं. घटकाभर मले बी मायच दिसली."

"मंग?"

"मंग काय? माय गेली. ते काही माह्या पोटातून वापस येनार नव्हती. आली ते देवश्री आली." तिनं पोरीला अपर्णाच्या मांडीवरून उचललं. "नऊ महिने माह्या रक्तावर वाढली. पोट फाडून काढली, तो टाका अजून दुखते पान्यात उतरलं का. तू माहा भाऊ हाये न? मंग इचा मामा हाये. माह्याकून एवढाच हिशेब हाये."

"लोक हासतीन, पूर्णे. तिकडं गुलाबराव भर बैठकीत म्हनन, हा पाहा आला तलावाचा भाऊ. मी का तोंड दाखवीन?"

"तोंड हायेच ते दाखवाचं."

पांडुरंगानं भाचीकडे पाहिलं. देवश्रीनं रीळ त्याच्यापुढं धरलं, घे म्हणून. त्याचा हात उठला, अर्ध्यावर आला आणि परत खिडकीच्या गजावर गेला.

पूर्णिमानं तेवढं पाहिलं. तिनं नारळ काढून मशीनच्या फळीवर ठेवला, अक्षता ठेवल्या, वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं. "गुरवारी सकाळी. तू आला तरी जावळ होईन, नाही आला तरी होईन. मी बोलावनं देल्लं, माहं काम झालं."

परतताना रिक्षात तिला रडू आलं. समोर बसलेली बाई पाहत राहिली. पूर्णिमानं डोळे पुसायचा खटाटोप केला नाही.

*

मधले दिवस कामात गेले. कीड हटत नव्हती. ज्या वेली पार सडल्या होत्या त्या उपटून काठावर ढीग लावले. त्यांचा कुजका वास पाऱ्यापर्यंत येई. पूर्णिमाच्या उजव्या तर्जनीत शिंगाड्याचा काटा मोडला आणि बोट टरारून सुजलं. तिनं तव्यावर तापवलेली सुई घालून पू काढला, हळद बांधली आणि पुन्हा पाण्यात उतरली. आता ती पोरीला भीमाबाईजवळ ठेवत नव्हती. करंजाच्या फांदीला झोळी बांधी आणि पोर रडली की स्वतः बाहेर येई.

भीमाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी झोळीजवळ येऊन बसली.

"तुह्यासाठी मी पाऱ्याशी भांडली," ती म्हणाली. "चौदा वर्सं. कोनाले बोलू देल्लं नाही."

"ठाऊक हाये मले."

"तो गुलाबराव सारखा विचारे, एवढ्या वर्सानं कसं झालं म्हनून. कोन्या बाबाचा नवस, कोनाचं काय. तुह्यावरच घान उडवत होता. म्हनून सांगतलं, का बीज दुसऱ्या बाईचं, पन माह्या पोराचीच हाये. तुही अब्रू राखाले सांगतलं."

पूर्णिमाला हे नवं होतं. ती पोरीला पाजता पाजता सासूकडे पाहत राहिली. म्हातारीच्या पायांवर पाण्यात उभं राहून राहून जुने काळे डाग होते, तेच डाग आता पूर्णिमाच्या पायांवर उठत होते.

"माही अब्रू राखली, बाई. पन मले घरातून बाहेर काढून राखली," ती म्हणाली. "तुमच्या पोराची म्हनता तं माह्याकडं का उरलं? भाड्याची खोली?"

भीमाबाईनं झोळीच्या दोरीला हात लावला, गाठ पाहिली. "गुलाबराव बसनच मांडीवर," एवढंच ती म्हणाली. "त्यानं समाजात सांगून टाकलं."

*

गुरुवारी सकाळी अंगण सारवलं होतं. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, बाजूला तांब्या आणि हळदीकुंकवाचं ताट. समाजाचे पंधरावीस लोक चटईवर बसले होते. त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं की सगळ्यांना कळलं आहे. बाया एकमेकींच्या कानाला लागत आणि पूर्णिमा जवळून गेली की शिंगाड्याच्या भावाचं बोलत.

पांडुरंग आला नव्हता. पूर्णिमा दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली.

म्हातारा न्हावी जन्माचा छत्तीसगढी. त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि रडणाऱ्या पोरीला मांडीवर कोण घेणार ते आपल्या बोलीत विचारलं, "कोन बइठही गोदी म, दाई? नोनी रोवत हे."

"मी बसतो," म्हणत गुलाबराव उठला. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. तो पाटावर मांडी घालून बसला आणि हात पुढं केले. "आन, सूनबाई."

पूर्णिमा पोरीला कडेवर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. दिलं नाही.

"उठा, काकाजी. हा मामाचा पाट हाये."

"मामा कुठं हाये?" गुलाबरावनं अंगणभर पाहिलं. "आला का? नाही आला. त्याले समजते, तुले समजत नाही."

कोणीतरी हसलं.

"शालिग्राम," गुलाबराव म्हणाला, "पोट्टी घे हिच्याजवळून अन् दे इकडं."

सगळ्यांनी शालिग्रामकडे पाहिलं. तो तांब्याजवळ उभा होता. त्याच्या डाव्या तळव्यावर चटक्याचा फोड फुटून लाल झाला होता. तो पुढं आला, पण पूर्णिमाकडे गेला नाही. गुलाबरावजवळ वाकला.

"काका, उठ जरा."

"आँ?"

"उठ म्हनलं न. पाट सरकवाचा हाये."

गुलाबराव उठला, बहुधा नवलानंच. शालिग्रामनं पाट उचलला, पूर्णिमाच्या पायाशी आणून ठेवला आणि बाजूला झाला.

पूर्णिमा पाटावर बसली. पोरीला मांडीवर घेतलं. अंगणात कुजबुज उठली. एक म्हातारी बाई म्हणाली, "आईच्या मांडीवर कुठं जावळ होते का, माय? रीत नाही."

"आज होऊन राहिलं," पूर्णिमा म्हणाली. मग तिनं मान वर केली आणि सगळ्यांकडे पाहून बोलली. "तुमी सगळे ज्याच्यासाठी आले ते मीच सांगतो. कानात नोका सांगू एकमेकायच्या. माह्याजवळ बीज नव्हतं. एका बाईनं देल्लं. ते कोन हाये मले माहीत नाही. जिथं असन तिथं तिचं भलं होवो, मी रोज म्हनतो. पन तिनं बीज देल्लं, पोट्टी नाही देल्ली. पोट्टी मी केली. रातभर छातीवर घेऊन मी बसली. हिले ताप आला तं मी जळली. आता ज्याले म्हनाचं हाये का हे पूर्णिमाची नाही, त्यानं इथं, माह्यासमोर म्हना. काकाजी, तुमी म्हना."

गुलाबरावचा चेहरा लाल झाला. "मी का म्हनू? सगळ्यायले दिसते."

"मंग पाहा चांगलं." तिनं न्हाव्याकडे वळून पाहिलं. "कर, बाबा."

"दाई के गोदी म?" आईच्याच मांडीवर म्हणताच म्हातारा अडखळला.

"हव. दाईच्याच."

त्यानं पोरीच्या डोक्यावर पाणी चोळलं. देवश्री ओरडली. पूर्णिमानं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. सुजलेलं बोट तिच्या कानामागं होतं आणि पोर झटके देई तशी बोटातून कळ जाई. पहिली बट कापली गेली.

तेव्हा फाटक वाजलं. पांडुरंग होता. मालधक्क्यावरच्या कामाच्या कपड्यांत, बुटांवर सिमेंटची धूळ, काखेत नव्या फ्रॉकची पिशवी. मागं अपर्णा. तो दारात थबकला. मांडीवर बसलेली पोर, बसलेली बहीण, पडलेली बट, त्यानं सगळं पाहिलं.

"सुटी नव्हती भेटत," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. मग हळू, "खोटं कायले बोलू. कालपासून निंघू का नाही निंघू करत होतो."

"उशीर झाला, दादा."

"उठ. मी बसतो आता."

पूर्णिमानं मान हलवली. "मी नाही उठत. मांडी माहीच राहीन. तू केस झेल."

पांडुरंग बुटांसकट पुढं आला, मग लक्षात येऊन बूट काढले. गळ्यातला गमछा काढून दोन्ही हातांवर पसरला आणि बहिणीसमोर गुडघ्यावर बसला. न्हाव्याचा वस्तरा फिरला तसे मऊ, ओले केस त्या गमछ्यावर पडत गेले. देवश्रीनं रडता रडता मामाच्या सदऱ्याचं बटण धरलं. त्यानं ते सोडवलं नाही.

गुलाबराव चपला शोधत होता. भीमाबाई चुलीजवळून उठली. "जेवून जा, भाऊजी."

"भूक नाही."

तो फाटकाशी पोचला तेव्हा पूर्णिमानं हाक मारली. "काकाजी! उद्या सकाळी तलावावर या. मावळतीकडची वेल राहिली हाये. अन् धोतर नोका घालू, पान्यात उतरा लागन."

चटईवरचे दोघेतिघे मोठ्यानं हसले. या वेळी ते पूर्णिमाला हसले नव्हते. गुलाबराव गेला. मोटारसायकल दुसऱ्या लाथेला चालू झाली.

लोक पंगतीला बसले. अपर्णा वाढायला उठली. न्हाणीत भीमाबाईनं ऊन पाणी काढून ठेवलं होतं. ती दारात उभी राहिली.

"दे, न्हाऊ घालतो."

"न्हाऊ मी घालतो," पूर्णिमा म्हणाली. "पानी तुमी ओता, बाई."

भीमाबाईनं जराशानं तांब्या उचलला. पूर्णिमानं पोरीला पायांवर पालथं घेतलं. डोकं आता उघडं, गुळगुळीत झालं होतं आणि टाळूच्या मागं, आजवर केसांखाली लपलेला, मसुरीएवढा तपकिरी तीळ दिसत होता. दोघींनी तो एकाच वेळी पाहिला.

भीमाबाईचा हात वरच थांबला. "हा कोनाचा म्हनावं? शालिग्रामले तं नाही. आमच्यात कोनालेच नाही."

पूर्णिमानं ओल्या बोटानं तिळावरचा साबण पुसला.

"तिचा हाये, बाई. देवश्रीचा. ओता पानी, गार होऊन राहिलं."

भीमाबाईनं पाणी ओतलं.